कपात झाली, भरणा नाही

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. लग्नाच्या पंगतीत बसला तरी तो वाढप्यांची संख्या आणि पानांची संख्या मनातल्या मनात ताडून पाहतो. मी कादंबऱ्या लिहितो हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल, पण माझं पहिलं वाङ्मय म्हणजे रोजकीर्द आणि खतावणी. अजूनही रात्री झोप लागत नसेल तर मी मेंढ्या मोजत नाही, व्हाउचरं टॅली करतो.

परवा कपाट आवरताना एक जुनी डायरी सापडली, १९९३ सालची. त्यात एका पानावर माझ्याच अक्षरात एवढंच लिहिलेलं होतं : ‘कपात झाली, भरणा नाही.’ ते चार शब्द वाचले आणि डायरी हातात घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही नगरपालिकेच्या गावाला ते नाव चिकटवता येईल. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना आम्ही छोटी कर्जं देत असू. पद्धत सोपी होती. मुख्याधिकाऱ्यांनी हमीपत्र द्यायचं की, हप्ता पगारातून कापून दरमहा बँकेत भरू. तेवढ्या कागदावर आम्ही सफाई खात्यातल्या एका बाईंना घरदुरुस्तीसाठी आठ हजार रुपये दिले. त्यांच्याच गँगमधला एक कामगार जामीन राहिला.

अकरा महिने त्या खात्यात एक पैसा आला नाही. नियमाप्रमाणे मी नोटीस काढली. बाईंना एक, जामीनदाराला एक. तिसऱ्या दिवशी दुपारी, कॅश बंद व्हायच्या वेळेला, त्या माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात दुधाची धुतलेली पिशवी. तिच्यातून त्यांनी पगाराच्या अकरा चिठ्ठ्या काढल्या आणि पत्ते लावावेत तशा ओळीनं मांडल्या. वाचता येत नव्हतं, पण कोणत्या रकान्यात आमच्या बँकेचा हप्ता आहे हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “साहेब, दर महिन्याला कापत्यात. मग मी चोर कशी?”

मी नगरपालिकेत फोन केला. पलीकडून लेखापाल शांतपणे म्हणाले, “साहेब, कपात कागदावर झाली. तिजोरीत पैसे हातात द्यायच्या पगारापुरतेच होते. कापलेले पैसे मुळात आलेच नाहीत, तर भरू कुठून?” मी फोन ठेवला आणि ते चार शब्द डायरीत लिहिले.

पुढे काय झालं तेही सांगून टाकतो, कारण त्यात माझा वाटा आहे. मार्चमध्ये सरकारी अनुदान आलं तेव्हा नगरपालिकेनं थकलेले हप्ते एकरकमी भरले. मुद्दल आणि नेहमीचं व्याज वसूल झालं. उशिराचं दंडव्याज मात्र कोणीच भरलं नाही. ते माफ करून घेण्यासाठी वरच्या कचेरीला पत्र लिहिता आलं असतं. मी ‘नंतर लिहू’ म्हटलं. ते त्या बाईंनी स्वतः आणून भरलं, सुट्या नोटांत. वर्षभरानं त्या मुलीच्या बाळंतपणासाठी पुन्हा कर्ज मागायला आल्या, तेव्हा जुन्या खात्यावर ‘अनियमित’ असा शेरा होता. शेरा माझाच होता आणि नकारावरची सहीही माझीच. जामीनदारानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं ते मला शिपायाकडून कळलं.

आता गंमत पाहा. ज्या वर्षी ही गोष्ट घडली त्याच वर्षी, १ जून १९९३ रोजी, चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान मिळालं. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्यापासून स्मशानभूमीपर्यंत अठरा विषय त्यांच्याकडे सोपवण्याजोगे म्हणून नोंदले गेले. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा असंही ठरलं. वर्तमानपत्रांत ‘तिसरं सरकार’ अशी वर्णनं आली. आणि त्या तिसऱ्या सरकारच्या एका कचेरीत झाडूवालीच्या हप्त्याचे पैसे नव्हते.

तेव्हा मला वाटलं होतं की, हा पैशांच्या चणचणीचा प्रश्न आहे. चणचण होतीच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण पुढे जसजशी अधिक हिशेबपुस्तकं पाहिली तसतसं लक्षात आलं की, चणचणीइतकाच मोठा प्रश्न ती न दिसण्याचा आहे.

हे जरा घरच्या भाषेत सांगतो. आमच्या घरी हिशेबाची वही सौभाग्यवतींच्या ताब्यात असते. समजा, महिनाअखेरीस वहीत शिल्लक दोन हजार आहे. पण वाण्याचे तीन हजार द्यायचे आहेत आणि दूधवाल्याच्या कार्डावर नऊशे चढले आहेत. मग आम्ही श्रीमंत की कर्जबाजारी? रोखीची वही म्हणेल, ‘दोन हजार शिल्लक.’ सौभाग्यवती म्हणतील, ‘एकोणीसशेचा खड्डा आहे, बाहेर जेवायला जायचं नाव काढू नका.’ सौभाग्यवतींची ही पद्धत म्हणजेच ज्याला हिशेबनीस ‘उपार्जित’ पद्धत म्हणतात ती. पैसा हातातून जायची वाट न पाहता, देणं झालं त्या दिवशीच ते लिहायचं; येणं ठरलं त्या दिवशीच तेही लिहायचं.

आपल्या नगरपालिका पिढ्यान्‌पिढ्या रोखीच्या वहीवर चालल्या. पैसा गेला तर खर्च, आला तर जमा. ठेकेदाराचं बिल, वीज कंपनीची थकबाकी, निवृत्त शिपायाचं उपदान, त्या बाईंचा कापलेला हप्ता, यांची नोंद फार तर कुठल्या तरी वेगळ्या नोंदवहीत पडून राहते. अंदाजपत्रक मांडलं जातं तेव्हा सभागृहात ‘शिलकी’ म्हणून बाकं वाजतात, आणि पुढच्याच आठवड्यात थकलेल्या बिलापायी पाणीपुरवठ्याच्या पंपाची वीज तोडली जाते. दोन्ही बातम्या खऱ्याच असतात.

बँकेच्या काउंटरमागून आणखी एक प्रयोग मी दरवर्षी पाहत असे. त्याचं नाव मार्चअखेर. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची पडलं नाही तर परत जाईल, ही धास्ती. मग त्या दिवशी धडाधड धनादेश लिहिले जायचे, रोजकीर्दीत खर्च पडायचा, आणि धनादेश मात्र कचेरीच्या कपाटात कुलूपबंद. काम पूर्ण झालं की द्यायचे! तेव्हा धनादेशाची मुदत सहा महिन्यांची असे (१ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिने झाली). त्यामुळे वहीत पैसा संपलेला आणि आमच्या खात्यात तो सुखरूप, असा चमत्कार सप्टेंबरपर्यंत चालू राहायचा. या चमत्कारावर उतारा एकच, वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक दरमहा ताडून पाहणं. त्याला ताळमेळ म्हणतात. ज्या कचेरीत वर्षानुवर्षं ताळमेळ होत नाही तिथे चोरी होतेच असं मी म्हणणार नाही. पण झाली तर कळणार नाही, हे मात्र खात्रीनं सांगतो.

सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या पुढाकारानं २००४ मध्ये नगरपालिकांसाठी राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिका तयार झाली आणि दुहेरी नोंदीची उपार्जित पद्धत हळूहळू आपल्याकडेही आली. पंधराव्या वित्त आयोगानं तर अनुदानालाच अट बांधली : आधीच्या वर्षाचे कच्चे हिशेब आणि त्याच्याही आधीच्या वर्षाचे तपासलेले हिशेब इंटरनेटवर सर्वांना पाहता आले पाहिजेत. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा तर १९३० पासून आहे. कायद्यांची वाण नाही. तपासनीस येतात, आक्षेप लिहितात, ‘अनुपालन सादर करावे’ असं बजावून जातात. पुढच्या वर्षी तेच आक्षेप नव्या कागदावर उतरतात. माझ्या नोकरीत मी वडिलांच्या वयाचे आक्षेप पाहिले आहेत.

बाहेर कुठे हे जमलं का? जमलं. अहमदाबाद महापालिका १९९० नंतरच्या काळात तोट्यात रुतली होती. १९९४ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या केशव वर्मा यांनी जकातीची आणि मालमत्ता कराची गळती बुजवली, हिशेब मार्गावर आणले. १९९८ मध्ये त्या महापालिकेनं राज्य सरकारची हमी न घेता शंभर कोटींचे रोखे विकले. असं करणारी ती देशातली पहिली महापालिका. परक्या माणसानं तुमच्या वहीवर विश्वास ठेवून पैसे दिले, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र बँकवाल्याच्या दृष्टीनं दुसरं नाही. बंगळुरूत २००२ मध्ये नागरिक संस्थांनी ‘प्रूफ’ नावाची मोहीम काढून महापालिकेला तिमाही जमाखर्च लोकांपुढे मांडायला लावलं. पुण्यानं २००६ पासून नागरिकांना वॉर्डातली छोटी कामं अंदाजपत्रकात सुचवण्याची सोय केली, आणि २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी दोनशे कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजानं विकले.

पण ही मोठ्या शहरांची मिजास झाली. लहान गावाचं काय? नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. ती गेली ते चांगलंच झालं, नाक्यावरच्या रांगा आणि चिरीमिरी गेली. पण तिच्याबरोबर स्वतःच्या कमाईचा मोठा झराही आटला. बदल्यात सरकारचं सहायक अनुदान आलं. आणि माझ्या मते इथेच उत्तरदायित्वाची दिशा फिरली. जो पैसा देतो त्याच्याकडे माणूस तोंड करून उभा राहतो. पैसा मुंबईहून येऊ लागला तसं कचेरीचं तोंड मुंबईकडे झालं, गावाकडे पाठ. गावाची कमाई म्हणून उरली ती मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी. म्हणजे तुम्ही आणि मी.

या ‘तुम्ही आणि मी’वर येताना माझी जीभ जरा अडखळते. कारण सांगतो.

निवृत्तीनंतर मी माझ्या मूळ गावी, वडिलोपार्जित घरात राहायला आलो. पाणी चार दिवसांआड. २०२३ मध्ये करवाढीची चर्चा सुरू झाली. दर चार वर्षांनी व्हायची फेरआकारणी आमच्याकडे कित्येक वर्षांत झालीच नव्हती. वॉर्डात निषेधाची सभा ठरली. माझा शाळासोबती सकाळीच दारात हजर. म्हणाला, “अरे, तू बँकेतला. आकडे काढ आणि नगरपालिकेची सालटी काढ. आम्ही टाळ्या वाजवतो.” मलाही चेव आला. तीस वर्षांपूर्वीचे ते चार शब्द कुठेतरी आत ठसठसत होतेच.

मी कचेरीत गेलो. लेखापाल राज्यसेवेच्या परीक्षेतून आलेली पंचविशी-तिशीची मुलगी. मला वाटलं होतं टोलवाटोलवी होईल. तिनं खुर्ची दिली, संगणक माझ्याकडे वळवला आणि मागणी, वसुली, थकबाकी यांचे तक्ते दाखवले. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेल्या पण पुढे न भरलेल्या रकमांचा विषय मी काढला, तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, “आहेत सर. माझ्या आधीपासूनच्या. मी यादी केलीय, पण ती मागायला आजवर कोणी आलं नाही.”

निघताना तिनं सहज विचारलं, “सर, तुमचं घर कुठल्या गल्लीत?” मी अभिमानानं सांगितलं. तिनं पडद्यावर नोंद काढली. तळमजला, कौलारू, एक नळजोडणी. बस्स. वरचा मजला, जो आम्ही १९९८ मध्ये बांधला आणि ज्याचं भाडं मी पंचवीस वर्षं घेत होतो, तो नगरपालिकेच्या दप्तरी अस्तित्वातच नव्हता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “वडील गेले तेव्हा नोंद करायची राहून गेली असेल.” मी म्हटलं, “राहून गेली नाही. कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितली नाही.” त्या बाईंच्या चिठ्ठ्यांवर हप्ता होता आणि खात्यात नव्हता, माझं घर गल्लीत होतं आणि दप्तरात नव्हतं. फरक एवढाच की, त्यांच्या गैरनोंदीचा भुर्दंड त्यांनी भरला आणि माझ्या गैरनोंदीचा भुर्दंडही बहुधा त्यांच्यासारख्याच कोणीतरी भरला होता. मी अर्ज केला. आकारणी झाली. बिल दुपटीहून अधिक आलं, मागील काही वर्षांच्या फरकासह. भरलं.

सभेत मी बोलायला उभा राहिलो तो आधी स्वतःच्या वरच्या मजल्याबद्दल बोललो. टाळ्या वाजल्या नाहीत. मागून कोणीतरी हसलं. शाळासोबत्यानं दुसरीकडे मान वळवली. त्याच्याही गच्चीवर दोन खोल्या आहेत. मग मी म्हटलं, “वाढ नको असेल तर जरूर विरोध करा. पण त्याआधी चार आकडे मागू. कराची एकूण मागणी किती आणि वसुली किती. बँकेतली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळते का. देणी किती आणि कोणाची, त्यात कर्मचाऱ्यांची कपात वेगळी दाखवा. आणि लेखापरीक्षणाचे किती आक्षेप किती वर्षं पडून आहेत. हे चार आकडे दर एप्रिलला कचेरीच्या दारातल्या फळ्यावर लिहा. संगणकावर तर टाकाच, पण फळ्यावरही. भाजी घेऊन जाणाऱ्या बाईला थांबून वाचता आले पाहिजेत.”

वाद झाला. एकानं विचारलं, “आकडे लिहून पाणी येणार आहे का?” प्रश्न रास्त होता. पाणी आकड्यांनी येत नाही, पंपानं येतं. पण पंपाची वीज का तुटली हे आकड्यांशिवाय कळत नाही. आणि कळलं नाही की आपण एकमेकांना शिव्या देत बसतो, कर बुडवणारे कर भरणाऱ्यांसह. शेवटी चाळीसेक सह्यांचा अर्ज गेला. करवाढीला विरोध करणारे आणि न करणारे, दोघांच्याही सह्या त्यावर होत्या.

हे मागणं नवं नाही. १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव १८८० मध्ये आला, तेव्हा त्यांनी एकट्यानं विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. प्रस्ताव मंजूर झाला. पण नगरपालिकेचा पैसा कोणाचा हा प्रश्न त्या दिवशी सभागृहात विचारला गेला आणि दप्तरात राहिला. अलीकडे अशी सभागृहंच रिकामी होती. अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि निवडणुका झाल्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली वर्षं प्रशासकांची. प्रशासक चांगला असू शकतो, पण त्याला प्रश्न विचारायला समोर कोणी निवडून आलेलं नव्हतं. आता पुन्हा सभासद आले आहेत. त्यांनी पहिल्या सभेत सत्कार उरकून घ्यावेत आणि दुसऱ्या सभेत ताळमेळ मागावा, एवढीच माझी सूचना.

आमच्या गावच्या फळ्याचं काय झालं? एप्रिल २०२४ मध्ये तो लागला. चारांपैकी दोन आकडे लिहिले गेले, मागणी आणि वसुली. पुढच्या एप्रिलला तिसरा आला, प्रलंबित आक्षेपांचा, तो वाचून शाळासोबती म्हणाला, “बापरे!” हे ‘बापरे’ मला करवाढीविरुद्धच्या दहा घोषणांपेक्षा मोलाचं वाटलं. देण्यांचा रकाना अजून कोरा आहे. त्यावर शीर्षक मात्र त्या मुलीनं स्वच्छ अक्षरात रंगवून घेतलं आहे : ‘कर्मचारी कपात – भरणा बाकी.’

मी रोज सकाळी फिरून येताना फळ्यापाशी थांबतो. परवा एक सफाई कामगार बाई तिथे झाडत होत्या. मला थांबलेला पाहून त्यांनी विचारलं, “काय लिहिलंय ओ, काका?” मी रकान्याचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी क्षणभर त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहिलं. म्हणाल्या, “मग आकडा कुठंय?”

अर्ज पुन्हा लिहायला घेतला आहे. या वेळी ‘नंतर लिहू’ म्हणणार नाही.